कासवांच्या गावात मोबाईल कशासाठी वापरावा : गावातील पर्यटनात नव्याने उतरणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

फेब्रुवारीअखेरीस कोकणातील काही किनाऱ्यांवर सकाळी सातच्या सुमारास दोरीच्या अलीकडे माणसे शांतपणे उभी असतात. कासवमित्र कुंपणाच्या आत जातो, घरट्यावर झाकलेली टोपली उचलतो आणि रात्रभरात वाळूतून वर आलेली ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले मोजू लागतो. कधी ती ऐंशी असतात, कधी तीन, आणि कधी टोपलीखाली नुसतीच वाळू असते. मंडणगड तालुक्यातील वेळास गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये हे संरक्षणाचे काम सुरू केले. त्याआधी कोल्हे, कुत्री आणि माणसे, तिघेही ही अंडी उकरून नेत असत. पुढे गावकऱ्यांच्या घरात पाहुणे उतरू लागले, कासव महोत्सव सुरू झाला आणि नाना फडणवीसांचे गाव ही वेळासची जुनी ओळख कासवांच्या ओळखीमागे पडली.

आज किनाऱ्यावरील आणि घाटातील अनेक गावांना असेच काही करावेसे वाटते. गावातील तरुण किंवा पर्यटन व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केलेले विद्यार्थी सल्ला विचारायला येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा इन्स्टाग्रामचे पान कसे चालवावे हाच असतो. माझ्या मते हे शेवटून सुरुवात करण्यासारखे आहे. ज्या गावाला आपल्याला किती पाहुणे झेपतात हे ठाऊक नाही, त्याने जाहिरात करणे म्हणजे विहिरीचा तळ न पाहता पंगतीचे आमंत्रण देणे होय. म्हणून या लेखातील क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. मोबाईलचा पहिला उपयोग मोजण्यासाठी, दुसरा वेळेवर नकार देण्यासाठी, तिसरा शिकवण्यासाठी आणि जाहिरातीसाठी अगदी शेवटी.

पहिली पायरी : एक हंगाम केवळ मोजणी करावी

सुरुवातीला कोणतेही संकेतस्थळ तयार करू नये आणि कोणालाही पैसे देऊन ॲप बनवून घेऊ नये. गावात येणारी माणसे, वाहने, वापरले जाणारे पाणी आणि मागे राहणारा कचरा या चार गोष्टींची नोंद एक पूर्ण हंगाम ठेवावी. त्यासाठी कोबोटूलबॉक्स ही नोंदणीची प्रणाली उपयोगी पडते. तिचे कोबोकलेक्ट हे ॲप साध्या अँड्रॉइड फोनवर चालते, प्रश्न मराठीत लिहिता येतात आणि मुख्य म्हणजे नेटवर्क नसतानाही नोंद होते. फोनला रेंज मिळाली की साठवलेल्या नोंदी पाठवता येतात. ज्या गावात रेंजसाठी देवळाच्या पायऱ्या चढाव्या लागतात तेथे हा गुण फार मोलाचा ठरतो.

नोंदीचा तक्ता लहान ठेवावा. दिनांक, घर, पाहुण्यांची संख्या, वाहनाचा प्रकार, टाकीतील पाण्याची सकाळची आणि संध्याकाळची पातळी, आणि कचऱ्याचे वजन एवढे पुरेसे आहे. घराचे नाव टाइप करायला न लावता यादीतून निवडायला ठेवावे. आम्ही पहिल्या वर्षी हे केले नव्हते. हंगाम संपल्यावर तक्ता उघडला तेव्हा एकाच काकूंचे घर चार वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेले सापडले आणि संगणकाच्या हिशेबात त्या काकू चार घरांच्या मालकीण झाल्या होत्या.

पाणी मोजण्यासाठी महागडा संवेदक लागत नाही. टाकीच्या आतल्या बाजूस दर दहा सेंटिमीटरवर रंगाची रेघ ओढावी आणि टाकीच्या लांबी-रुंदीवरून एका रेघेमागे किती लिटर पाणी येते ते एकदाच काढून ठेवावे. पाहुण्यांच्या वेळी घरातली माणसेही तेच पाणी वापरतात, म्हणून पाहुणे नसलेल्या काही दिवसांचा वापरही मोजावा आणि तो एकूण वापरातून वजा करावा. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. शहरातून आलेला पाहुणा त्यापेक्षा किती अधिक वापरतो हे आपल्याच टाकीच्या रेघांवरून कळले, तर ग्रामसभेत कोणाचा अंदाज खरा यावर वाद उरत नाही.

दुसरी पायरी : गावाचा आकडा काढावा

मिगेल सिफुएन्तेस यांनी १९९२ मध्ये कोस्टारिका देशात संरक्षित क्षेत्रांसाठी धारणक्षमता, म्हणजे एखाद्या जागेला किती माणसे झेपतात ते, मोजण्याची पद्धत मांडली. तिचे मूळ सूत्र सोपे आहे. उपलब्ध जागा भागिले एका माणसाला लागणारी जागा, आणि त्या भागाकाराला दिवसभरात किती फेऱ्या होऊ शकतात त्या संख्येने गुणायचे. त्यानंतर ऊन, पाऊस, उतार, वन्यजीवांचा प्रजनन काळ अशा कारणांसाठी त्यातून कपात करायची आणि शेवटी व्यवस्था पाहणाऱ्यांच्या ताकदीनुसार आकडा आणखी खाली आणायचा. गावासाठी मी हीच रीत थोडी मोडून वापरतो. प्रत्येक अडचणीचा आकडा वेगळा काढायचा आणि त्यांपैकी सर्वांत लहान तो गावाचा धरायचा.

उदाहरणादाखल एक किनाऱ्यावरचे गाव घेऊ. पिल्ले सोडताना ताणलेली दोरी ३० मीटर लांब आहे आणि एका माणसाला ६० सेंटिमीटर जागा धरली, तर एका रांगेत ५० माणसे मावतात. पुढची रांग बसली आणि मागची उभी राहिली तर १०० माणसांना नीट दिसते. तिसरी रांग केली की मागचे लोक बाजूने पुढे सरकतात आणि दोरीला अर्थ राहत नाही, म्हणून ती धरायची नाही. पिल्ले सकाळी आणि संध्याकाळी सोडली जातात. मात्र मुक्कामाचे पाहुणे दोन्ही वेळा येतात, त्यामुळे १०० ला दोनने गुणणे ही फसवणूक ठरेल. आता घरे पाहू. १६ घरांत प्रत्येकी ८ पाहुणे म्हणजे १२८. शेवटी पाणी. एप्रिलमध्ये विहिरीतून गावाची गरज भागून दररोज ७,२०० लिटर उरते आणि आपल्या मोजणीत एका पाहुण्याचा वापर ९० लिटर निघाला आहे. ७,२०० भागिले ९० म्हणजे ८०.

या गावाचा मुक्कामी पाहुण्यांचा आकडा ८० आहे. खाटा १२८ असल्या तरी तो ८० च राहतो. दोरीपाशी उरलेल्या २० जागा मुक्काम न करणाऱ्यांना देता येतील. मात्र त्यांनाही स्वच्छतागृह लागते हे विसरू नये. हा हिशेब साध्या शीटमध्ये (फोनवरच्या तक्त्यात) मांडून ठेवावा, म्हणजे विहिरीची पातळी खाली गेली की एकच आकडा बदलून नवी मर्यादा लगेच मिळते. फेब्रुवारीत १०० आणि एप्रिलमध्ये ८० अशी बदलती मर्यादा ठेवण्यात काहीच वावगे नाही.

मर्यादा घातली तर लोक येणेच बंद होतील, ही भीती प्रत्येक बैठकीत कोणीतरी बोलून दाखवतेच. साताऱ्याजवळचे कास पठार पाहावे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांपैकी एक म्हणून त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेरडा, सोनकी, सीतेची आसवे, गेंद यांच्या गालिच्यात बसून फोटो काढणाऱ्यांनी तोच गालिचा तुडवायला सुरुवात केली, तेव्हा तेथे फुलांच्या हंगामासाठी ऑनलाइन आरक्षण आणि दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा आली. कासला जाणाऱ्यांचा ओघ त्यामुळे आटला नाही.

तिसरी पायरी : आरक्षण, पाळी आणि खोटे आश्वासन न देणे

आरक्षणासाठी गुगल फॉर्म आणि त्याला जोडलेली सामायिक शीट पुरेशी असते. शीटमध्ये प्रत्येक दिवसासाठी एक ओळ, प्रत्येक घरासाठी एक रकाना आणि शेवटच्या रकान्यात एकूण बेरीज असावी. बेरीज मर्यादेला पोचली की ती ओळ तांबडी होईल अशी सोय शीटमध्येच करता येते. शीटमध्ये बदल करण्याचा अधिकार दोघांनाच द्यावा आणि बाकीच्यांना ती केवळ पाहता यावी. सोळा घरांतील सोळा जण एकाच वेळी शीटमध्ये बोटे घालू लागले की शनिवारी रात्री दोन कुटुंबे एकाच पडवीत सामान घेऊन उभी राहतात.

पाहुणे कोणत्या घरी जाणार हे पाळीने ठरवावे. ज्याच्याकडे चांगला फोन आणि शहरात ओळखी, त्याच्याचकडे सगळे पाहुणे, असे झाले की उरलेल्या घरांना कासवांशी काही देणेघेणे राहत नाही. अंडी राखण्याचे काम मात्र सगळ्या गावाच्या संमतीवर चालते. पाळीचा क्रम शीटमध्ये सर्वांना दिसेल असा ठेवल्यास कुरबुरी बऱ्याच कमी होतात. पूर्ण बंद होत नाहीत, तशी अपेक्षाही ठेवू नये.

पिल्ले कधी बाहेर येतील हा प्रश्न पाहुणे हमखास विचारतात. ऑलिव्ह रिडलेची अंडी साधारण ४५ ते ६० दिवसांत उबतात. वाळू थंड असेल तर अधिक दिवस लागतात, तापलेली असेल तर कमी. शीटमध्ये प्रत्येक घरट्याची अंडी घातल्याची तारीख लिहावी आणि शेजारच्या दोन रकान्यांत तिच्यात ४५ आणि ६० मिळवणारी सूत्रे ठेवावीत. १० जानेवारीच्या घरट्यासाठी त्या रकान्यांत २४ फेब्रुवारी आणि ११ मार्च या तारखा येतील. सगळ्या घरट्यांचे असे पट्टे एकाखाली एक पाहिले की कोणत्या आठवड्यात पिल्ले दिसण्याची शक्यता अधिक आहे हे नजरेत भरते. वाळूत घरट्याच्या खोलीवर तापमान नोंदवणारे छोटे यंत्र ठेवता आले तर अंदाज अधिक नेमका होतो. तापमानावरच पिल्लू नर होणार की मादी हेही ठरते, म्हणून त्या नोंदी अभ्यासकांनाही हव्या असतात. ऑलिव्ह रिडले १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणून घरट्याशी संबंधित कोणतीही गोष्ट, मग ते बोटाएवढे यंत्र का असेना, वनविभागाच्या परवानगीनेच करावी.

अंदाज काढला तरी पाहुण्याला तो अंदाज म्हणूनच सांगावा. आरक्षण पक्के झाल्यावर जाणाऱ्या संदेशाचा नमुना असा ठेवता येईल : “आपले दोघांचे आरक्षण नोंदवले आहे. या आठवड्यात तीन घरट्यांतून पिल्ले येण्याची शक्यता आहे. मात्र ती येतीलच असे सांगता येत नाही. पिल्ले न दिसल्यास राहण्या-जेवण्याचे पैसे परत मिळणार नाहीत. किनाऱ्यावर फ्लॅश आणि टॉर्च वापरता येणार नाही. पिण्याच्या पाण्याची बाटली घरून आणावी. भरून देण्याची सोय आहे.” हा संदेश व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये झटपट उत्तर म्हणून साठवून ठेवला की सोळाही घरांतून तोच मजकूर जातो. एका घराने ‘पिल्ले नक्की दिसतील’ असे सांगितले तर त्याची किंमत साऱ्या गावाला मोजावी लागते.

पैशांसाठी यूपीआयचा क्यूआर कोड सगळीकडे चालतो. पण तो भिंतीवर चिकटवून ठेवण्याऐवजी घरात ठेवावा आणि लागेल तेव्हा बाहेर आणावा. गर्दीच्या जागी मूळ कोडावर दुसराच कोड चिकटवून पैसे वळवण्याचे प्रकार घडतात. फोनवर येणारा व्यवहाराचा संदेश पाहूनच पावती द्यावी. पाहुण्याने दाखवलेल्या पडद्याच्या चित्रावर विसंबू नये.

चौथी पायरी : नकाशावर काय दाखवायचे आणि काय झाकायचे

नकाशाच्या बाबतीत नवखे लोक सर्वाधिक चुका करतात, म्हणून येथे थोडे थांबतो. गुगल मॅप्सवर गावाची खूण टाकताना ती किनाऱ्यावर, घरट्यांच्या कुंपणापाशी टाकली जाते आणि मग रात्री अकरा वाजता हेडलाइट लावलेली गाडी थेट पुळणीवर येऊन उभी राहते. खूण वाहनतळावर टाकावी. वाहनतळापासून पुढचा पंधरा मिनिटांचा रस्ता गावातल्या माणसाबरोबर चालत जायचा असतो, हे नकाशानेच सांगितले पाहिजे.

ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून तयार केलेला खुला नकाशा आहे आणि त्यात आपण स्वतः भर घालू शकतो. गावातील पाखाड्या (पायऱ्यांच्या वाटा), सार्वजनिक नळ, स्वच्छतागृहे, एसटीचा थांबा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र त्यात मराठी नावांसह नोंदवावे. ऑरगॅनिक मॅप्ससारखी ॲप हाच नकाशा नेटवर्क नसताना दाखवतात. एसटीचा थांबा नोंदवणे वरवर किरकोळ वाटेल. पण मुंबईहून चारचाकी न आणता येणाऱ्या माणसाला शेवटचे आठ किलोमीटर कसे जायचे हे आधी कळले, तर तो एसटीने येण्याचा विचार तरी करतो.

आता झाकण्याविषयी. फोनच्या कॅमेऱ्यात स्थाननोंद चालू असेल तर प्रत्येक छायाचित्राच्या पोटात अक्षांश-रेखांश लपलेले असतात. घरट्याचे, दुर्मीळ आमरीचे (ऑर्किडचे) किंवा घुबडाच्या ढोलीचे छायाचित्र तसेच कुठे चढवले तर आपण नकळत पत्ता वाटलेला असतो. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे छायाचित्र पाठवल्यास ही माहिती गळून पडते, परंतु तेच छायाचित्र दस्तऐवज म्हणून पाठवल्यास ती टिकून राहते. दर्जा चांगला राहावा म्हणून हौशी छायाचित्रकार नेमकी दस्तऐवजाचीच वाट धरतात. म्हणून हंगामाच्या आरंभीच कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन स्थाननोंद बंद करावी आणि कासवमित्रांच्या फोनमध्येही ती बंद आहे का हे हातात घेऊन पाहावे.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर जीवजातींच्या नोंदी करताना मात्र स्थान द्यावे, कारण स्थानाशिवाय त्या नोंदीला शास्त्रीय उपयोग नाही. धोक्यात असलेल्या प्रजातींचे नेमके ठिकाण ही प्रणाली सार्वजनिक नकाशावर आपोआप धूसर करते आणि सुमारे ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी दाखवते. इतर नोंदींसाठी ‘अस्पष्ट’ हा पर्याय आपण स्वतः निवडू शकतो.

उघड्या पत्त्यामुळे काय होते याचे उदाहरण रायगड जिल्ह्यातील देवकुंड धबधबा आहे. समाजमाध्यमांवरील छायाचित्रांमुळे तेथे एवढी गर्दी लोटू लागली, आणि बुडण्याच्या दुर्घटना एवढ्या घडल्या, की पावसाळ्यात प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागले. पायथ्याच्या गावातील वाटाड्यांचा पावसाळी रोजगार अशा आदेशांबरोबर थांबतो.

पाचवी पायरी : किनाऱ्यावर एकच कॅमेरा

अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू क्षितिजाकडील उजेडाच्या दिशेने चालते. माणूस नव्हता तेव्हा समुद्राकडची बाजूच अधिक उजळ असे. आता घरांचे दिवे, गाड्यांचे हेडलाइट आणि फोनचे पडदे त्याला उलट्या दिशेने ओढतात. हे सांगूनही पाहुण्याचा हात खिशाकडे जातोच, कारण एवढ्या लांब येऊन छायाचित्र न घेता परतणे त्याला जमत नाही. यावर आम्हाला उपयोगी पडलेला उपाय साधा आहे. गावातील एकच माणूस फ्लॅश बंद ठेवून छायाचित्रे काढतो आणि त्या दिवशीच्या सर्व पाहुण्यांना संध्याकाळपर्यंत त्यांचा दुवा पाठवतो. ही छायाचित्रे पाहुण्यांच्या स्वतःच्या छायाचित्रांपेक्षा चांगली असतात, कारण काढणाऱ्याला पिल्लू कोणत्या क्षणी पहिल्या लाटेला शिवणार हे सरावाने कळते. फोन खिशातच ठेवायला लोक यामुळे बरेच खुशीने तयार होतात.

रात्रीच्या गस्तीसाठी मंद तांबडा दिवा वापरावा. ड्रोन उडवू द्यायचा नाही, हे आरक्षणाच्या संदेशातच लिहावे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हवाई क्षेत्राची परवानगी हा वेगळा विषय आहे आणि वन्यजीवांच्या जवळ ड्रोन नेण्यासाठी वनविभागाची परवानगी हा वेगळा. मे-जूनमध्ये भंडारदरा, पुरुषवाडी किंवा राजमाचीकडे काजवे दाखवणाऱ्यांनाही उजेडाविषयीचे हे सारे लागू होते, कारण काजव्याचा प्रकाश ही त्याची जोडीदाराला दिलेली हाक असते आणि टॉर्चच्या झोतात ती हाक पोचत नाही.

सहावी पायरी : फलक आणि आवाज

क्यूआर कोडचे फलक लावण्याचा मोह सर्वांना होतो. फलकांचा संच बनवून देणारा एक व्यावसायिक आमच्याकडे आला होता. त्याने दिलेले कोड त्याच्या स्वतःच्या सशुल्क सेवेतून वळून जाणारे होते, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. दुसऱ्या वर्षी वर्गणी भरायची राहिली आणि सुरूच्या बनातील फलकावरचा कोड कासवांच्या माहितीऐवजी एका भलत्याच जाहिरातीकडे जाऊ लागला. तेव्हापासून आम्ही कोड नेहमी थेट आपल्याच पानाच्या पत्त्याचा करतो. असा कोड कोणत्याही मोफत साधनाने बनवता येतो आणि तो कधी मुदतबाह्य होत नाही. फलकासाठी लोखंडी पत्रा वापरू नये. खाऱ्या वाऱ्यात तो एका पावसाळ्यात गंजतो. कोडाखाली दोन ओळींची माहिती ठळक मराठीत छापावी, म्हणजे रेंज नसली तरी फलक मुका राहत नाही.

फलकांपेक्षा ध्वनिमुद्रणे अधिक परिणाम करतात असे मला वाटते. गावातील जुन्या माणसांकडून अंडी कशी गोळा केली जात, ती कोण विकत घेई, राखण सुरू झाली तेव्हा कोण कोणावर रागावले होते, हे त्यांच्याच बोलीत टिपून घ्यावे. फोन विमान-स्थितीत ठेवावा, पंखा बंद करावा, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा आणि प्रश्न विचारून झाल्यावर आपण गप्प राहावे. आमच्याकडच्या एका आजोबांनी लहानपणी अंडी खाल्ल्याचे मोकळेपणाने सांगितले आणि वर त्यांची चवही सांगितली. तो भाग वगळावा असे काहींचे मत होते. आम्ही तो ठेवला, आणि पाहुणे सर्वांत लक्ष देऊन ऐकतात तो तोच दीड मिनिटाचा भाग. मुद्रणाआधी ते कोठे वापरले जाणार हे सांगून संमती घ्यावी आणि ती संमतीही त्याच फोनवर मुद्रित करून ठेवावी.

सातवी पायरी : शिकणे आणि शिकवणे

भारत सरकारच्या पर्यटन मंत्रालयाचा अतुल्य भारत पर्यटक सुविधाकार प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम ऑनलाइन आहे आणि ‘स्वयम’ या शैक्षणिक मंचावरही पर्यटनाचे अभ्यासक्रम असतात. पाहुण्यांशी कसे वागावे, वारसा म्हणजे काय, प्राथमिक उपचार कसे करावेत, एवढे त्यांतून जरूर शिकावे. आपल्या किनाऱ्यावरची वाळू वाचायला मात्र तेथे कोणी शिकवणार नाही. त्यासाठी आपला स्वतःचा छोटा वर्ग लागतो आणि तो गावातच, सहा सकाळींचा असावा.

पहिल्या सकाळी शिकाऊ वाटाड्यांना मादीच्या पाऊलखुणा दाखवाव्यात. ऑलिव्ह रिडले पुढचे वल्हे आळीपाळीने टाकते, म्हणून तिच्या वाटेवरील डाव्या-उजव्या खुणा समोरासमोर न येता पुढेमागे पडतात. हिरव्या कासवाच्या खुणा जोडीने समोरासमोर असतात. प्रत्येकाने शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि रुंदी वहीत लिहावी. दुसऱ्या सकाळी किनाऱ्यावरील पक्षी घ्यावेत. मर्लिन हे ॲप छायाचित्रावरून आणि आवाजावरून पक्षी ओळखते, तर ईबर्डवर पक्ष्यांची यादी नोंदवता येते. पण आधी स्वतः ओळखायचे, वहीत लिहायचे आणि मगच ॲप उघडायचे, हा नियम कडकपणे पाळावा. ॲपचे उत्तर आधी पाहणाऱ्याला दोन हंगामांनंतरही तुतवार आणि चिखल्या यांतला फरक सांगता येत नाही, हे मी पाहिले आहे.

तिसऱ्या सकाळी प्रत्येकाने पिल्ले सोडण्यापूर्वीची माहिती दोन मिनिटांत सांगायची आणि ती फोनवर मुद्रित करायची. स्वतःचा आवाज ऐकल्यावर शिकाऊ मुले स्वतःच चुका सांगतात : फार भरभर बोललो, ‘म्हणजे’ फार वेळा आले, समुद्राकडे तोंड करून बोललो म्हणून काही ऐकू आले नाही. उरलेल्या तीन सकाळी प्रत्यक्ष पाहुण्यांबरोबर, अनुभवी कासवमित्राच्या मागे उभे राहून घालवाव्यात.

महाविद्यालयातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना नोंदींचे काम द्यावे, त्यांच्याकडून प्रश्नावल्या भरून घेण्यावर वेळ दवडू नये. त्यांना वर सांगितलेली पाण्याची शीट द्यावी आणि गावाचा आकडा नव्याने काढायला सांगावा. त्यांचे उत्तर आपल्या उत्तरापेक्षा वेगळे आले तर ते ग्रामसभेत मांडू द्यावे.

वर्गात उपग्रहाची गोष्ट अवश्य सांगावी. जानेवारी २०२२ मध्ये वेळास येथे एका मादीच्या पाठीवर उपग्रह संदेशयंत्र बसवण्यात आले. तिला ‘प्रथमा’ हे नाव मिळाले. भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांच्या त्या प्रकल्पात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील एकूण पाच माद्यांचा माग काढला गेला आणि नकाशावर सरकणारा ठिपका पाहून शाळेतली मुले कासवांची चौकशी करू लागली. त्याच्या जोडीला दुसरी गोष्टही सांगावी. मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर ०३२३३ क्रमांकाची धातूची पट्टी लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे वेगवेगळी असावीत ही समजूत त्या एका पट्टीने हलवली. पट्टीला ना बॅटरी होती ना सिग्नल. ती रात्रीच्या गस्तीत कोणीतरी नीट वाचली आणि आकडा बरोबर उतरवून घेतला, एवढेच. शिकाऊ मुलांना पट्टी वाचण्याचा सराव द्यावा : तांबड्या दिव्यात, ओल्या हातांनी, आकडा दोघांनी स्वतंत्रपणे लिहून मग ताडून पाहायचा.

आठवी पायरी : हंगाम संपल्यावर

एप्रिलअखेरीस किंवा मे महिन्यात, आंब्यांची धांदल आटोक्यात आली की, एका दुपारी सर्व घरांनी एकत्र बसून शीट पडद्यावर पाहावी. किती पाहुणे आले, कोणत्या दिवशी मर्यादा ओलांडली आणि कोणाच्या आग्रहाने, पाळी कोठे चुकली, किती किलो प्लास्टिक गोळा झाले, आणि घरट्यांमागे किती पिल्ले समुद्रात गेली, हे आकडे मोठ्याने वाचावेत. जाहिरातीचा विचार या बैठकीत करावा. जे आठवडे तांबडे झाले होते त्यांची जाहिरात अजिबात करू नये. जे रिकामे गेले, विशेषतः सोमवार ते गुरुवार, त्यांच्यासाठीच पुढील वर्षी शाळा-महाविद्यालयांच्या सहली बोलवाव्यात. इन्स्टाग्रामचे पान काढायचे तर आता काढावे.

त्याच दुपारी फोन साफ करावेत. पाहुण्यांच्या आधार कार्डांची छायाचित्रे घरोघरच्या फोनमध्ये, लग्नाच्या आणि बारशाच्या छायाचित्रांत मिसळून पडलेली असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर ती विनाकारण बाळगणे योग्य नाही, आणि कायदा नसता तरी नव्हते. आवश्यक तेवढी नोंद रजिस्टरमध्ये उतरली आहे ना हे पाहून छायाचित्रे पुसावीत आणि फोनमधील ‘अलीकडे पुसलेले’ हा कप्पाही रिकामा करावा. आमच्या पहिल्या वर्षीच्या बैठकीत या कामाला सर्वांत जास्त, जवळजवळ दीड तास लागला, कारण प्रत्येक काकू पुसण्याआधी पाहुण्याचा चेहरा पाहून तो घावनाबरोबर काय मागत असे हे सांगत होत्या. फलक पावसाळ्यापूर्वी उतरवून ओटीवर ठेवावेत आणि नोव्हेंबरमध्ये ते परत लावण्यापूर्वी प्रत्येक कोड स्वतःच्या फोनवर उघडून पाहावा.